त्याच्यासाठी सुगंध घेताना...

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आपल्या याद्या सुरू होतात. मुलांचे कपडे, सासूबाईंची साडी, नणंदेसाठी काहीतरी, फराळाचं सामान, पणत्या, रांगोळी. या यादीत घरातल्या बाप्यांचं नाव येतं ते अगदी तळाला, आणि त्यापुढे वर्षानुवर्षं एकच शब्द असतो, शर्ट. तो शर्ट एक तर घट्ट होतो, नाहीतर रंग पसंत पडत नाही, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटात घडीचा घडीच राहतो.

पाडव्याला आपण ओवाळतो नि तबकात ओवाळणी पडते. भाऊबीजेलाही तेच. देणारा तो, घेणाऱ्या आपण, अशी रीत. पण आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः कमावतात. कुणी शाळेत शिकवते, कुणी बँकेत आहे, कुणी बचत गटातून कोकम आगळ नि आंबापोळी विकते, कुणी घरी मशीनवर ब्लाउज शिवते. स्वतःच्या पैशातून नवऱ्याला, भावाला, जावयाला काही द्यावं असं वाटतं. आणि हल्ली या वाटण्याला दुकानदाराकडे तयार उत्तर असतं, परफ्यूम! रामआळीत किंवा मारुती मंदिरच्या बाजूला दिवाळीआधी एक चक्कर मारा. साबण, शेव्हिंग क्रीम, डिओ असं सगळं चकचकीत खोक्यात बांधलेलं ‘गिफ्ट पॅक’ समोर येतं. उचललं, पैसे दिले, झालं.

खरंच झालं का? माझ्या ओळखीतल्या एकीने गेल्या पाडव्याला नवऱ्याला असाच एक डिओ दिला. बिचारी हौसेने घेऊन आली होती, शिवणाच्या पैशातून. नवरा दिवसभर मोटारसायकलवरून दुकानोदुकानी माल पोचवतो. त्याने खोकं उघडलं, बाटली फिरवून पाहिली आणि म्हणाला, “म्हणजे मला घामाचा वास येतो, असं म्हणायचंय का तुला?” सासूबाई समोर, दीर समोर, तबकातलं निरांजन अजून जळतंय. ती काय बोलणार? बाटली आजही कपाटावर आहे, सील न फोडलेली.

मैत्रिणींनो, साडीचा कुणी अर्थ काढत नाही. घड्याळ दिलं म्हणून ‘मी उशिरा येतो असं म्हणायचंय का’ असं कुणी विचारत नाही. सुगंधाचा मात्र अर्थ काढला जातो, कारण ती भेट अंगाशी जाते. म्हणूनच ती उरकून टाकण्याची नाही, निवडण्याची गोष्ट आहे. आणि निवडायची म्हणजे बाटली नव्हे, आधी त्या माणसाचा दिवस डोळ्यांसमोर आणायचा.

आधी घामाचं बोलू, कारण गैरसमज तिथेच आहे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. कातडीवरचे जंतू तो घाम खातात आणि मग वास सुटतो, विशेषतः काखेत. डिओडोरंट या जंतूंना आवर घालतो, अँटीपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामच कमी करतात, आणि परफ्यूम यातलं काहीच करत नाही, तो फक्त वास देतो. आपल्याकडे पूर्वापार पुरुष काय वापरत? न्हाव्याकडची तुरटी! दाढीनंतर गालाला लावायची ती. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार. ओली करून काखेत फिरवली की घामाच्या वासाला चांगला आळा बसतो. तेव्हा घाम ही अडचण असेल तर दहा रुपयांची तुरटी, रोज धुतलेला गंजीफ्रॉक आणि सुती शर्ट. ती काही पाडव्याची भेट नव्हे. भेट द्यायची ती सुगंधाची, आणि ती ‘तुमच्यात काही कमी आहे’ म्हणून नाही, तर ‘मला हा वास आवडतो, तुम्हाला आवडतोय का बघा’ म्हणून. अहोंना बोलण्यातला हा फरक बरोबर कळतो.

आता दुकानात ‘कोलन’ असं लिहिलेली बाटली दिसते. हा शब्द आपल्या घरांत नवा नाही बरं का! आपल्या आज्यांच्या कपाटात कोलनवॉटर असायचं, पण ते दाढीसाठी नव्हे, तापासाठी. पाण्यात कोलनवॉटर घालून त्याच्या घड्या कपाळावर ठेवायच्या. जुन्या मराठी सिनेमांत आजारी माणूस दाखवला की उशाशी ती वाटी आलीच. त्यातला अल्कोहोल चटकन उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून गार वाटायचं. कोलन हे मुळात जर्मनीतल्या शहराचं नाव. तिथे योहान मारिया फरीना नावाच्या इटालियन अत्तरवाल्याने संत्रं, लिंबू, बर्गमॉट अशा फळांच्या सालींच्या तेलांपासून एक हलकं सुगंधी पाणी केलं. त्याचा वास कसा, तर इटलीतल्या पाऊस पडून गेलेल्या वसंतातल्या सकाळीसारखा, असं त्याने आपल्या भावाला पत्रातून कळवलं होतं. म्हणजे या कहाणीतही भाऊ आहेच! आणि ते पाणी बायकाही लावत, पुरुषही. ‘फॉर मेन’ ही भिंत नंतर बाजाराने उभी केली.

ती भिंत किती पोकळ आहे ते आपल्या कोकणाइतकं कुणाला कळणार? केवड्याचं पान वेणीत खोवतो आपण. पण केवड्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि तो घमघमाट येतो नराच्या कणसाला! ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात याच नर कणसांपासून केवड्याचं अत्तर काढतात. तेव्हा चंदन, वाळा, मोगरा यातलं काय पुरुषाचं नि काय बाईचं, हे खोक्याच्या काळ्या-गुलाबी रंगावरून ठरवू नका. कुणा पुरुषाला मोगरा आवडत असेल तर त्याने तो का लावू नये?

खोक्यावर आणखी एक गोष्ट बारीक अक्षरात असते, ती मात्र वाचायची. ‘परफ्यूम’ किंवा ‘पार्फम’ म्हणजे सर्वांत दाट, त्यात सुगंधी अर्क साधारण वीस टक्क्यांच्या पुढे. ‘ओ द पार्फम’मध्ये पंधरा ते वीस, ‘ओ द टॉयलेट’मध्ये पाच ते पंधरा, आणि ‘ओ द कोलोन’मध्ये जेमतेम दोन ते पाच टक्के. (टॉयलेट शब्दाने दचकू नका, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नटणं-मुरडणं.) बॉडी स्प्रे त्याहूनही हलके असतात. किंमत या क्रमाने खाली येते. पण महाग ते चांगलं, हा हिशेब आपल्या हवेत चालत नाही. समुद्रकाठची दमट हवा, त्यात दिवाळीच्या आगेमागे ऑक्टोबरचा चटका. उष्ण अंगावरून वास जास्त पसरतो. पुण्याच्या थंडीत जो दाट, गोडसर, व्हॅनिलाचा वास मऊ वाटतो तोच इथे दुपारी बारा वाजता डोकं उठवतो. इथे लिंबू-संत्र्याचे, वाळ्याचे, हलक्या चंदनाचे वास शोभतात. ते दोन-तीन तासांत विरतात हे खरं. मग छोटी बाटली बॅगेत ठेवावी आणि पुन्हा लावावी, त्यात काय!

आता त्याचा दिवस. एसटी चालवणारा नवरा असेल तर केबिनमध्ये इंजिनाची ऊब आणि मागे पन्नास माणसं. आंबा घाटातल्या वळणांवर आधीच निम्म्या गाडीला मळमळत असतं, त्यात ड्रायव्हरच्या अंगावर गोड उग्र स्प्रे म्हणजे शिक्षाच. त्याला कोलन, तेही निघण्याआधी एकदाच. कचेरीत एसीत बसणाऱ्याला जरा दाट चालतं, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दमा असू शकतो हे विसरायचं नाही. बागायतदाराचं आणखी वेगळं. बर्गमॉटसारख्या काही सालींच्या कच्च्या तेलात असं द्रव्य असतं की ते लावून कडक उन्हात फिरलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतात, मानेवर जास्त. आता बहुतेक मोठे उत्पादक ते द्रव्य काढून टाकतात. तरी आंब्याच्या बागेत दिवसभर उन्हात राहणाऱ्याने मानेवर लावण्याऐवजी शर्टाच्या आतल्या बाजूला लावलेलं बरं.

आणि मिरकरवाड्याच्या बंदरावरून घरी येणाऱ्याचं काय? तिथे तर सुगंधाचं नाव काढायचं की नाही, असा पुष्कळ बायकांना प्रश्न पडतो. मासळीचा वास परफ्यूमने झाकता येत नाही. दोन्ही मिळून तिसराच एक भयंकर वास तयार होतो. मासळीच्या वासातली द्रव्यं अल्कधर्मी असतात, त्यांना आंबट लागतं. आपण मासे साफ केल्यावर हाताला लिंबाची फोड नाहीतर कोकम चोळतो, ते म्हणूनच. आधी लिंबू, मग साबण, मग आंघोळ. संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून तो बाहेर निघाला की मग सुगंध. मी तर म्हणेन, ज्याचा दिवस वासात जातो त्याला संध्याकाळच्या दोन थेंबांची किंमत जास्त कळते. एक कोळीण मला म्हणाली होती, “आमच्या ह्यांनी कान्यात फाया ठेवला की मला समजतं, आज होडीचं काय बोलायचं नाय.” नवऱ्याबायकोतली अशी खूण कुठल्या जाहिरातीत सापडायची?

जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर सांगते. पुरुषांच्या स्प्रेच्या जाहिराती बघून निवडू नका. स्प्रे मारला की बायका धावत सुटतात, हे आपण गेली कित्येक वर्षं टीव्हीवर बघत आलो. जून २०२२ मध्ये तर एका बॉडी स्प्रेच्या जाहिरातीत सामूहिक अत्याचाराच्या भीतीवरच विनोद केला होता. देशभर संताप झाला आणि केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ती काढून टाकायला लावली. आपल्याच पैशातून असली बाटली आपणच घरात आणायची आणि आपल्याच मुलाच्या हातात द्यायची? कॉलेजात जाणाऱ्या मुलाला स्प्रे हवाच असतो, तो द्यावा. पण तो कशासाठी लावायचा याची दोन वाक्यंही सोबत द्यावीत.

बरं, दुकानात गेल्यावर काय करायचं? बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगू नका. तिथे नुसता अल्कोहोल येतो. दुकानदाराकडे टेस्टर असेल तर आधी कागदाच्या पट्टीवर फवारा, जरा हलवा, मग वास घ्या. एका वेळी तीनच्या वर वास घेऊ नयेत, नाक थकतं. मोठ्या दुकानांत कॉफीच्या बिया ठेवतात. त्यांची गरज नाही, आपल्या पदराचा वास घेतला तरी नाक ताळ्यावर येतं. पट्टीवर आवडलेला वास मग मनगटावर. आणि मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत येतो तो वरचा वास, बहुधा लिंबा-संत्र्याचा, आणि दुकानात माणूस त्यावरच भुलतो. तो उडाला की मधला वास येतो, फुलांचा किंवा मसाल्याचा, आणि तीन-चार तासांनी उरतो तो तळाचा, लाकडाचा, कस्तुरीचा, अंबरचा. तुम्हाला रात्री जेवताना शेजारी बसून जो वास येणार आहे तो हा. म्हणून मनगटावर लावून बाहेर पडा, भाजी घ्या, गोखले नाक्यावरची बाकीची कामं उरका, आणि घरी जायच्या वेळी पुन्हा हुंगा. तेव्हाही आवडला तर घ्या.

पण तुमच्या मनगटावर आवडला म्हणजे त्याच्या अंगावर तसाच येईल असं नाही. कातडी कोरडी की तेलकट, यावर वास किती टिकतो ते ठरतं. त्यामुळे नवऱ्याच्या बाबतीत मी अचंब्याची भेट वगैरे मानत नाही. सरळ सांगावं, “चला हो माझ्याबरोबर, तुम्हाला काहीतरी घ्यायचंय.” आधी कुरकुर होईल. “कशाला खर्च?” हे तर ठरलेलंच. पण एकदा दोन्ही मनगटांवर दोन वास घेऊन ते बाजारातून फिरू लागले की दर पाच मिनिटांनी आपणच हात नाकाशी नेतात, बघा तुम्ही. ज्याला वासाने शिंका येतात, डोकं चढतं किंवा कातडीला खाज येते त्याच्या बाबतीत हट्ट नको. त्याला कुठलाच सुगंध नको असेल तर तेही ऐकून घ्यावं आणि गुपचूप शर्ट घ्यावा.

खरेदी करताना लेबल नीट बघा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, किती मिलिलिटर आणि कमाल किंमत, हे सगळं असायला हवं. परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही. मोठ्या परदेशी नावाची बाटली फुटपाथवर अडीचशेला मिळत असेल तर आत काय भरलंय ते देवालाच ठाऊक. त्यापेक्षा तेवढ्याच पैशात मिळणारी साध्या देशी नावाची, पूर्ण लेबल असलेली बाटली शंभर पटींनी बरी. बिल घ्या. घरी आणल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघायला त्याला सांगा. आणि बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवायची नाही. ऊन, उष्णता नि दमटपणा तिचे वैरी. खोक्यासकट कपाटात ठेवली की दोन-तीन वर्षं सहज टिकते.

बजेट कमी असेल, किंवा अल्कोहोलचा वास सोसत नसेल, तर आपलं अत्तर आहेच की! उत्तर प्रदेशातलं कनौज हे त्याचं माहेर. तिथे तांब्याच्या देगीत फुलं उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. आता चंदनतेल फार महाग झाल्यामुळे पुष्कळ अत्तरं पॅराफिनसारख्या स्वस्त तेलावर करतात, तेव्हा ‘अस्सल चंदनावरचं’ असं कुणी शंभर रुपयांत देत असेल तर हसून पुढे जा. आपल्याकडे ईदच्या आधी मोहल्ल्यांतल्या दुकानांत छोट्या कुप्या मांडतात, तिथे निवड चांगली असते आणि विक्रेते वास समजावूनही सांगतात. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना, हा तिथला जुना नेम. कापसाचा बारीक फाया कानाच्या वळीत ठेवला की झालं. लग्नकार्यात अत्तरगुलाब हुंगलेल्या वयस्क माणसांना, म्हणजे सासरे, वडील, थोरले दीर यांना, ‘ओ द’ काहीतरी देण्यापेक्षा वाळ्याच्या अत्तराची कुपी जास्त भावते. शर्टावर मात्र लावू देऊ नका, तेलाचा डाग जात नाही.

दिवाळसणाचा जावई हा वेगळाच पेच. तीन महिन्यांची ओळख, आवडनिवड ठाऊक नाही, आणि काही चुकलं तर लेकीला ऐकून घ्यावं लागायचं. इथे एकच उपाय, लेकीला फोन करा. “जावईबापूंच्या आरशासमोर कुठली बाटली असते गं?” एवढंच विचारायचं. तीच आणायची असं नाही, पण त्याच जातीतला वास घ्यावा. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे ती बाटली पुढे करू नका. त्या दिवशी अंगाला उटण्यातल्या वाळा, नागरमोथा, कपूरकाचरीचा वास असतो, त्यावर दुसरं काही चढवणं म्हणजे बासुंदीवर लोणचं. पाडव्याला द्या.

पाडव्याचीच आणखी एक गोष्ट. स्प्रे असो की कोलन, त्यात अल्कोहोल असतं आणि डब्यातल्या स्प्रेमध्ये पेट घेणारा वायूही. ओवाळणं चालू असताना, तबकात निरांजन जळत असताना कुणी हौसेने फवारा मारून बघू नये. अंगणात फुलबाज्या चालल्या असतील तेव्हाही नाही. आधी ओवाळून घ्या, निरांजन देवापुढे नेऊन ठेवा, फटाके आटोपू द्या, मग हवा तेवढा घरभर सुगंध.

उरला लांबचा भाऊ. मुंबईचा असेल तर चतुर्थीला आला होता, आता दिवाळीला येईलच असं नाही. आखातातला तर दोन-दोन वर्षं येत नाही. रत्नागिरीच्या कितीतरी घरांत परफ्यूम आला तोच या भावांच्या बॅगांतून. त्याला इथून काय पाठवायचं? अल्कोहोल असलेली बाटली पेट घेणारी म्हणून विमानाने जाणाऱ्या टपालात चालत नाही. गावचं कुणी जाणारं असेल तर त्याच्या सामानात अत्तराची लहान कुपी जाऊ शकते. मातीचं अत्तर मिळालं तर बघा. कनौजला भाजलेल्या मातीपासून ते काढतात आणि पहिल्या पावसात अंगणातून येतो तसा वास त्याला असतो. वाळवंटात राहणाऱ्या भावाला याहून वेगळं काय हवं? कुपीचं बूच घट्ट करा, वरून चिकटपट्टी, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि फराळाच्या डब्यापासून शक्य तितकी लांब ठेवा. चकलीला मातीचा वास लागला तर भाऊबीजेच्या दिवशी तिकडून जो फोन येईल तो काही आशीर्वादाचा नसेल!